वर्णानुक्रमाने

माणिकतल्याच्या बाजारात बलाईने इलिशच्या पोटाकडचे दोन तुकडे कागदात बांधून दिले आणि पैसे घ्यायला नकार दिला, तेव्हा शिप्रा सान्यालला पहिल्यांदा कळलं की आपण मासे तळतो. एकाहत्तर वर्षांत तिने एकही मासा तळला नव्हता. आधी वसतिगृहाचा स्वयंपाकी होता, मग संस्थेची खानावळ होती, आणि निवृत्तीनंतर मिनती होती, जी सकाळी साडेसातला येऊन तळायचं ते तळून जायची. "तुमच्याकडनं पैसे घेऊ, दिदिमोणी? नरकात जाईन," बलाई म्हणाला आणि पायाखालच्या उभ्या विळीवरून हात पुसत उठलाच. बलाई गिऱ्हाइकासाठी कधी उठत नसे. "मुलीने वाचून दाखवलं मला सगळं. दुर्गापूजेच्या अंकात आलं होतं ना, आता पुस्तक झालंय. तुम्ही तव्यावर मासा टाकता, काट्याकडे बघता आणि म्हणता, 'अहो, कणा काढला तरी काटे एकमेकांना सोडत नाहीत बघा.' आणि साहेब तसेच धावत सुटतात. अनवाणी. हावड्याच्या पुलावरून. रडलो मी. आता बघा, बत्तीस वर्षं मी हेच काटे हाताळतोय, मला एकदा तरी काही सुचावं?" शिप्राने विचारलं, कोण साहेब? "तुमचे मिस्टर. क्षितीशबाबू." "मला नवरा नाही," ती म्हणाली. बलाईने मान खाली घातली, शेजारच्या कोळंबीवाल्यालाही घालायला लावली आणि हळूच म्हणाला, "वाचलं तेही. शेवटच्या पानावर पारवा उडतो."

पुस्तक दहा दिवस घरात पडलं होतं. प्रकाशकाने शनिवारच्या सभेच्या निमंत्रणासोबत पाठवलं होतं, आणि तिने वेष्टनही काढलं नव्हतं, कारण टेबलावर एका पोलिश माणसाचा शोधनिबंध तपासायला आलेला होता आणि त्यातल्या नवव्या पानावर काहीतरी कुजकं असल्याचा तिला वास येत होता. आता तिने मासे मिनतीच्या हवाली केले आणि वेष्टन फाडलं. 'पारवा आणि अनंत : गणितज्ञ क्षितीश भादुरी यांच्या जीवनावरील कादंबरी'. मुखपृष्ठावर एक दाढीवाला माणूस खिडकीच्या काचेवर खडूने आकडे लिहीत होता. क्षितीशदांना दाढी नव्हती. त्यांच्या खोलीच्या खिडकीला काच नव्हती, लाकडी पट्ट्यांची झडप होती, जिच्यावर खडूने लिहायचं म्हटलं तर आधी तेरा पट्ट्या एका रेषेत बसवाव्या लागल्या असत्या. आणि आकडे तर त्यांनी आयुष्यात जवळपास लिहिलेच नाहीत, ते अक्षरं लिहीत. शिप्राची वाचायची रीत कामातून आलेली होती. आधी शेवटची टिपणं, मग मुख्य विधान, मग सिद्धता. म्हणून तिने पुस्तक मागून उघडलं आणि लेखकाचं मनोगत वाचलं. लेखक ऋतब्रत गुह याने तिथे लिहिलं होतं की कथेच्या सोयीसाठी भादुरींच्या पत्नी अणिमा आणि सहकारी शिप्रा यांचं मिळून 'शर्वरी' हे एकच पात्र केलं आहे, कारण दोन स्त्रियांमुळे वाचकाचं लक्ष विचलित होतं. आणि पुढे, प्रसिद्ध भादुरी-सान्याल प्रमेयाबद्दल : 'प्रत्येक शोधनिबंधावर पहिलं नाव भादुरींचंच आहे, यावरून मूळ स्फुरण कोणाचं हे सुज्ञ वाचकाला कळेलच.'

'यावरून' या शब्दापाशी ती थांबली. सदतीस वर्षं शिकवताना या शब्दाखाली तिने जितक्या लाल रेघा मारल्या होत्या, तितक्या दुसऱ्या कुठल्याच शब्दाखाली मारल्या नव्हत्या. कशावरून? भ हा स च्या आधी येतो यावरून? गणितवाल्यांत नावं वर्णानुक्रमाने लागतात. दोघांनी काम केलं, चौघांनी केलं, एकाने सगळं केलं आणि दुसऱ्याने नुसता खोडरबर दिला, तरी वर्णानुक्रमाने. रसायनवाले पहिल्या नावासाठी एकमेकांशी बोलणं टाकतात, डॉक्टर लोक कोर्टात जातात, गणितवाले बाराखडी म्हणतात. हे त्या धंद्यात कुणी कुणाला सांगत नाही, जसं आपल्याच घरातलं दिव्याचं बटण कुठे आहे हे कुणी कुणाला सांगत नाही. क्षितीशदा भादुरी होते म्हणून पुढे. ते सेन असते तर तिच्या मागे गेले असते. "शिप्रा, तू एखाद्या आचार्याशी लग्न करून टाक," ते एकदा म्हणाले होते, निबंध टंकलिखित होऊन आला त्या दिवशी, "म्हणजे जन्मभराची कटकट मिटेल." "त्यापेक्षा तुम्हीच सेन व्हा," ती म्हणाली होती, "नोटरीचा खर्च मी करते." आणि दोघं हसले होते, कारण तेव्हा ही गोष्ट हसण्याइतकी क्षुल्लक होती. आता चाळीस वर्षांनी एका कादंबरीकाराने त्या बाराखडीकडे वारस प्रमाणपत्रासारखं पाहिलं होतं, आणि कोळंबीवाल्यापर्यंत निकाल पोचला होता.

तिचा राग सावकाश चढत होता, जिना चढताना गुडघा चढतो तसा, एकेका पायरीला वेगळी कळ काढत. हा मुलगा, ऋतब्रत, तिच्याकडे दोनदा आला होता. दोन्ही वेळा नव्या गुळाची संदेश मिठाई घेऊन, दोन्ही वेळा तीन-तीन तास. ध्वनिमुद्रणाचं यंत्र टेबलावर ठेवून त्याने विचारलं होतं, "दीदी, त्यांच्यात वेडाची काही झाक?" "पाठदुखी होती." "म्हणजे तीव्र एकाकीपण?" "म्हणजे कमरेच्या वरती, डावीकडे. खुर्ची वाईट होती." "रात्री उठून भिंतीवर लिहायचे का?" "भाड्याचं घर होतं बाबा. घरमालक पोलिसात गेला असता." "पारवे आवडायचे?" तिने त्याला सांगितलं होतं की पारव्यांनी एकदा त्यांच्या एकोणीस पानी सिद्धतेवर नको ते केलं आणि तेव्हापासून ते ऐन वैशाखातही झडप लावून बसत. त्याने वहीत 'पारवे' लिहून खाली दोनदा रेघ मारली होती. तिला वाटलं होतं, मुलगा बारकाईने नोंद घेतो.

आणि त्या मुलाला तिने तो मंगळवार सांगितला होता. हे तिने आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं, कुणी विचारलंच नव्हतं म्हणून. क्षितीशदा सात वर्षं एक गोष्ट सिद्ध करत होते. जाळी, गाठी आणि दोरे. एखाद्या जाळ्यातून एकेक गाठ काढत जायची, पण उरलेलं जाळं कधीच तुटून दोन तुकडे व्हायला नकोत, अशी गाठी काढायची काही रीत आहे का? मर्यादित जाळ्याला ती आहे, शाळकरी पोरालाही सापडते. पण जे जाळं संपतच नाही त्याला? क्षितीशदांचं म्हणणं, त्यालाही आहे, त्यांनी सांगितलेल्या अटीत बसणाऱ्या प्रत्येक जाळ्याला आहे. सात वर्षांत त्यांनी या म्हणण्याचा पाऊण बुरूज बांधला होता, आणि ती त्यांची विद्यार्थिनी म्हणून आली, मग सहकारी झाली, तीही विटा वाहत होती. आणि एका मंगळवारी दुपारी, वापरलेल्या उपस्थितीपत्रकाच्या पाठीवर, तिने एक जाळं काढलं. ते त्यांच्या सगळ्या अटीत बसत होतं आणि त्यातून पहिलीच गाठ काढली की ते तुटत होतं. कुठलीही काढा. दुसऱ्या मजल्यावरची ती खोली, पंखा एक नंबरवर, कारण दोन नंबरवर कागद उडत. क्षितीशदांनी तो कागद वीस मिनिटं पाहिला. मग "हं" म्हणाले. मग डबा उघडून मोहरीच्या तेलातले चुरमुरे खाल्ले, एकेक, सगळे. शेवटचा संपल्यावर म्हणाले, "सात वर्षं." दुखावून नाही. पुलाची लांबी सांगावी तसं. ज्याच्यामुळे ते खोटं ठरत होतं तेवढं बाजूला काढलं की मागे जे उरत होतं, ते म्हणजे प्रमेय. एखाद्या माणसाला त्याचं सात वर्षांचं घर नाही हे वीस मिनिटांत पटणं आणि त्याने चुरमुरे खाणं, याहून सुंदर काही तिने आयुष्यात पाहिलं नव्हतं. हे सांगताना तिचा आवाज जरा हललाही होता. ऋतब्रत पुढे झुकला होता. "मग ते रडले?" "नाही. बडीशेप मागितली." त्याने यंत्र बंद केलं होतं आणि संदेश खाल्ला होता.

असली पुस्तकं तिच्याकडे अकरा होती. माणसाने गणितात आयुष्य काढलं की लोक त्याला निवृत्तीला, वाढदिवसाला आणि हाड मोडल्यावर गणितज्ञांची चरित्रं देतात, आणि ज्यांना तीनशे पानं झेपत नाहीत ते कादंबऱ्या देतात. ती अकराच्या अकरा तिने वाचली होती, तपासनिसाच्या डोळ्याने. त्यांतले सगळे गणितज्ञ लहानपणी चिडवले गेले होते. सगळ्यांना पाऊस, बर्फ किंवा ताप यांपैकी किमान एकात असताना सुचलं होतं. निम्मे वेडे झाले होते, उरलेले तिशीच्या आत गेले होते, आणि एकजण दोन्ही करून बसला होता. कुणालाही मधुमेह नव्हता. कुणीही दुपारी जेवून झोपत नव्हतं. कुणीही इतरांचे निबंध तपासत नव्हतं, बैठकांना जात नव्हतं, 'आपला अर्ज अपूर्ण आहे' अशी पत्रं घेत नव्हतं. आणि गणित? गणित त्या पुस्तकांत एखाद्या श्रीमंत दूरच्या मामासारखं होतं. सगळे त्याच्याबद्दल बोलायचे, तो कधी घरी यायचा नाही. तीनशे पानांत एक ओळ सिद्ध होत नसे. एखाद्या गवयावर पुस्तक लिहिताना त्याने राग कुठला गायला हे न सांगता नुसता त्याचा घसा किती दुखायचा हे सांगत राहावं, तसं. बरं, गवयाच्या पुस्तकाला लोकांनी निदान विचारलं असतं, की अहो, गायला काय? इथे विचारत नाहीत. इथे सगळ्यांना आधीच माहीत असतं की आपल्याला कळणार नाही, आणि त्या न कळण्याला ते आदर म्हणतात.

पण इथे तिचा राग अडखळला, कारण या सगळ्याची सुरुवात अशाच एका पुस्तकाने झाली होती, आणि ते तिला लपवता येत नव्हतं. कृष्णनगरच्या मुलींच्या शाळेत अकराव्या वर्षी तिला स्वच्छतेचं बक्षीस म्हणून एक पातळसं पुस्तक मिळालं होतं. कुठलासा परदेशी मुलगा, गरीब, मेणबत्तीच्या उजेडात हिशेब मांडत बसतो आणि पहाटे जगाला चकित करतो. चित्रात मुलगा होता, मेणबत्ती होती आणि कोपऱ्यात कात्रीने वात नीट करणारी त्याची बहीण होती. शिप्राने ते पुस्तक पाठ केलं होतं. मेणबत्तीसाठी हट्ट धरून, घरात वीज असताना, एकदा मच्छरदाणीला आग लावली होती. त्या खोट्या पुस्तकाने तिला कृष्णनगरहून उचलून कलकत्त्यात आणून ठेवलं, त्या दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत, त्या मंगळवारात. आणि इतक्या वर्षांत तिने एकदाही स्वतःला विचारलं नव्हतं की त्या बहिणीला रात्रभर तिथे बसून मेणबत्तीशिवाय आणखी काय दिसत होतं. अकराव्या वर्षी तिने बेधडक मुलाची जागा घेतली होती. बहीण व्हायचं तिच्या मनातही आलं नव्हतं. आणि आता, हे बघ, एकाहत्तराव्या वर्षी, तळणीसकट.

संध्याकाळी तिने अणिमा बौदीला, म्हणजे वहिनीला, फोन लावला. क्षितीशदांची बायको, वय वर्षं ब्याऐंशी, राहणार मुलाकडे दमदमला. "बौदी, तुम्ही वाचलंत?" "सुनेने वाचून दाखवलं," बौदी म्हणाली. "मला इलिशचं कौतुक वाटलं. दीक्षा घेतल्यापासून मी कांद्यालासुद्धा हात लावत नाही, आणि माझा नवरा मोठा झाला तो माझ्या माशाने." "तो मासा माझा आहे." "तुझा कसला? तुला चहात साखर कधी घालायची कळत नाही." बौदी खूप वेळ हसली, मग एकदम थांबली. "शिप्रा, त्याने मला विचारलं होतं, तुमचा प्रेमविवाह का म्हणून. मी म्हटलं, नाही रे, पत्रिका जुळली. तर तोंड इतकंसं झालं त्याचं. मला दया आली गं. पण एक सांगते. माझा संसार घेतला, तुझं डोकं घेतलं, दोन्ही त्या शर्वरी का कोण तिला दिलं. ती नाहीच कुठे. म्हणजे तुला काही नाही, मला काही नाही, आणि जी नाही तिला सगळं. हे कुठलं गणित?" "हे गणित नाही, बौदी." "मग शनिवारी जाऊन सांग तसं. मी येणार नाही, माझे गुडघे गेलेत. आणि हे बघ, रागावून जाऊ नकोस, तू रागावलीस की लोकांना वाटतं तुला रडू येतंय."

शनिवारी पाच वाजता, पुस्तकांच्या गल्लीतल्या एका सभागृहात, तिच्या गळ्यात उत्तरीय घालण्यात आलं. व्यासपीठावर सात खुर्च्या होत्या. मध्ये सभापती, एक निवृत्त न्यायाधीश, ज्यांनी सुरुवातीलाच सांगितलं की आपल्याला शाळेत गणिताचा घाम फुटायचा, आणि यावर टाळ्या पडल्या. शिप्राने मोजून पाहिलं होतं, असं सांगितलं की नेहमी टाळ्या पडतात. 'मला वाचता येत नाही' असं सांगितल्यावर पडतात का, हे तिला एकदा पाहायचं होतं. मागे वातावरणनिर्मितीसाठी एक खराखुरा काळा फळा उभा केला होता आणि त्याच्यावर कुणा चित्रकाराने चिन्हं काढली होती. एक उलटं संकलनचिन्ह होतं, त्याच्यापुढे तीन बरोबरची चिन्हं एकापाठोपाठ एक, ज्यांच्या मध्ये काहीच नव्हतं, आणि कोपऱ्यात पांढऱ्या खडूचा पारवा. ऋतब्रतने येऊन तिच्या पायांना हात लावला. त्याचे डोळे आधीच ओले होते. वाईट मुलगा नव्हता, हेच तर संतापजनक होतं. नालायक असता तर तिला सोपं गेलं असतं.

तिचं नाव पुकारलं गेलं. ती ध्वनिक्षेपकापाशी गेली आणि तिने शांतपणे, बौदीने सांगितलं होतं तसं न रागावता, चार वाक्यं सांगितली. की ती क्षितीश भादुरींची पत्नी नव्हती, सहकारी होती. की त्या प्रमेयाची किल्ली तिला सापडली, माशात नाही, उपस्थितीपत्रकाच्या पाठीवर. की गणितात नावं वर्णानुक्रमाने लागतात, त्यामुळे पहिल्या नावाचा अर्थ एवढाच की ते नाव आधी येतं. की पुढच्या आवृत्तीत हे दुरुस्त व्हावं. सभागृहात जो टाळ्यांचा कडकडाट झाला तो थांबेना. दुसऱ्या रांगेतल्या एक बाई उभ्या राहिल्या. "काय हा विनय!" सभापती ध्वनिक्षेपक जवळ ओढून म्हणाले. "आजच्या काळात, जिथे जो तो आपलं नाव पुढे करतो, तिथे या स्वतः म्हणतात, हे नुसतं वर्णानुक्रमाने आलं!" "मी उलट म्हणतेय," शिप्रा म्हणाली, पण तिचं नुसतं तोंड हलताना दिसलं. मागून कुणीतरी मोठ्याने म्हणालं, "अशी साथ मिळायला भाग्य लागतं!" ऋतब्रतने चष्मा काढून डोळे पुसले. तिला कळलं की तिने आता काहीही सांगितलं तरी ते त्या पुस्तकातच जाऊन बसणार आहे. मी नव्हते म्हटलं की त्याग. मी होते म्हटलं की प्रेम. गप्प बसलं की पारवा उडणार. या लोकांना खोडून काढता येत नव्हतं, कारण त्यांनी काही विधानच केलं नव्हतं.

तिने गळ्यातलं उत्तरीय काढलं आणि त्याने फळा पुसला. आधी पारवा. रेशीम असल्यामुळे नीट पुसला गेला नाही, एक पंख राहिला, त्याच्यावरून तिने 'समजा' असं लिहिलं. समजा एक अमर्याद जाळं आहे, आणि त्याच्या प्रत्येक गाठीला मोजकेच दोरे आहेत. पहिली ओळ. सभागृह मंत्रमुग्ध झालं, कुणीतरी दिवे जरा मंद केले, ते तिने परत लावायला लावले. ती सांगत गेली, सोपं करून, कृष्णनगरच्या शाळेतल्या मुलींना सांगावं तसं, जाळं काढून, गाठी काढून. पहिली चार मिनिटं सगळ्यांनी आदराने ऐकलं. पाचव्या मिनिटाला एकजण उठला. दुसरी ओळ येईपर्यंत दाराशी खाऊची पाकिटं वाटायला सुरुवात झाली, आणि फिशफ्रायचा वास आत आला, आणि रांगाच्या रांगा पाय न वाजवता, फार सभ्यपणे, माफी मागितल्यासारख्या वाकून बाहेर जाऊ लागल्या. तिची पाठ होती, तिला दिसत नव्हतं, पण खुर्च्यांचा आवाज ती ओळखत होती, सदतीस वर्षं तिने तो ऐकला होता. जा. ज्यांना रडायचं आहे त्यांनी बाहेर जाऊन रडा. तिसरी ओळ, तिचं ते उलट उदाहरण, ते वीस मिनिटांचं जाळं, तिने इतक्या झपाट्याने आणि इतकं स्वच्छ काढलं की तिच्या खांद्यातून एक जुनी ऊब गेली. हे माझं. हे मी केलं. बघा, नाहीतर बघू नका. आता फक्त चौथी ओळ, उरलेल्या जाळ्याची रीत, आणि झालं.

चौथी ओळ आली नाही. म्हणजे काय लिहायचं ते तिला माहीत होतं, ते तिने शेकडो वेळा लिहिलं होतं. पण हात उचलला आणि त्या ओळीबरोबर एक बसथांबा आला. श्यामबाजारचा, घामट, रांगेत अठरा माणसं. त्या मंगळवारनंतर तीन आठवड्यांनी. क्षितीशदा पाठीला पट्टा बांधलेले, ताठ, मान वळवता येत नाही म्हणून समोरच्या माणसाच्या टाळूकडे बघत बोलतायत : "गाठी आतून बाहेर काढायच्याच नाहीत गं. बाहेरून आत यायचं." आणि ती म्हणाली होती, बाहेर आहे कुठे, अमर्याद आहे ना ते. साफ चूक आहे. तीन दिवस ती म्हणत होती की चूक आहे. फळ्यावर, जिन्यात, खानावळीत. एकदा तर ओरडून, शिपायासमोर. त्यांनी तीन दिवस एकदाही आवाज चढवला नाही, फक्त तेच वेगवेगळ्या बाजूंनी मांडत राहिले, आणि चौथ्या दिवशी तिला दिसलं. तिला दिसलं, आणि ती 'हं' सुद्धा म्हणाली नव्हती. टंकलिखित करायला टाका, एवढं म्हणाली होती. चाळीस वर्षं ती मंगळवार जपत आली आणि हे तीन दिवस तिने कुठे ठेवले होते? ऋतब्रतला सहा तासांत तिने बसथांब्याचं अक्षर सांगितलं नव्हतं. विसरली होती असं म्हणता आलं असतं, पण विसरलेल्या गोष्टी अशा, घामाच्या वासासकट, येत नाहीत. म्हणजे तिने जे केलं होतं ते त्या मुलाने केलं होतं त्याहून काय वेगळं होतं? त्याने एक बाई पुसली. तिने एक ओळ. तिला स्वतःचा असा काही संताप आला की खडू मोडला.

उरलेल्या तुकड्याने तिने चौथी ओळ लिहिली, तीही 'समजा'नेच सुरू होणारी. पूर्ण, एकही पायरी न गाळता. मग तिसऱ्या ओळीपुढे लहान अक्षरात 'शि. सा.' लिहिलं आणि चौथीपुढे 'क्षि. भा.', जे जगातल्या कुठल्याही शोधनिबंधात करत नाहीत. मागे वळली. सभागृह रिकामं होतं. सभापती खुर्चीत झोपले होते. पहिल्या रांगेत एकटा ऋतब्रत बसला होता, मांडीवर न उघडलेलं पाकीट.

"विसरलात का, दीदी? मध्येच थांबलात खूप वेळ."

"नाही. तिथे मी चुकले होते. तीन दिवस. ते बरोबर होते."

त्याचे डोळे लकाकले. हात खिशातल्या पेनाकडे गेला. "म्हणजे भांडण? तुम्हा दोघांत? कुठे, कसं झालं? पाऊस वगैरे—"

"पेन ठेव."

"पुढच्या आवृत्तीत घेतो ना, सगळं घेतो. वर्णानुक्रमाचंही. शपथ. तुम्ही फक्त सांगा, तेव्हा तुम्हाला वाटलं काय?"

"इकडे ये."

तो आला. फळ्यापुढे उभा राहिल्यावर तो एकदम लहान दिसू लागला, मान मागे टाकून, दवाखान्यातल्या तक्त्यापुढे उभा असल्यासारखा. "ही ओळ तू चारशे पानांत कुठेच लिहिली नाहीस," ती म्हणाली. "त्या माणसाने पाठीला पट्टा बांधून काढलेली ओळ. वाच."

"दीदी, मला गणितात दहावीला—"

"ते सांगून टाळ्या मिळतात, मला माहितेय. इथे कुणी नाही वाजवायला. वाच, मोठ्याने."

त्याने घसा साफ केला. 'समजा' म्हणाला. ते त्याला आलं. मग पुढच्या चिन्हाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, पुन्हा चिन्हाकडे. सभागृहाच्या दारात फिशफ्राय खाणाऱ्यांचा हसण्याचा आवाज येत होता. त्याने बोट पुढे केलं, फळ्याला लावायचं धाडस न होऊन हवेतच ठेवलं.

"हे काय आहे?" त्याने विचारलं.

तीन-तीन तासांच्या दोन मुलाखतींत त्याने विचारला नव्हता असा हा प्रश्न होता. शिप्राला अंगभर नव्याने संताप आला. इतका वेळ उभं राहून तिचे पाय दुखत होते, बाहेर सगळे खात होते, घरी पोलिश माणसाचं नववं पान वाट पाहत होतं, आणि या प्रश्नाचं उत्तर द्यावंच लागणार होतं. तिने दुसरा खडू घेतला.